बाक कापलेले गळ

सेंग अंकलनं माशाचं पोट चिरलं. आतून आधी मातकट पाणी आलं, मग काहीतरी काळं, लिबलिबीत. त्यानं ते सुरीच्या टोकानं फळीवरून बाजूला सारलं. अरुणामावशी तिकडे बघत नव्हती. धक्क्यावर कुणी मासा कापायला घेतला की ती समुद्राकडे तोंड करून उभी राहायची आणि सुरीचा आवाज थांबेपर्यंत वळायची नाही. पण पाऊस नुकताच थांबला होता, पायाखालच्या फळ्या ओल्या होत्या, आणि ते काळं घसरत येऊन तिच्या चपलेला लागलं.

बोटाएवढा रबराचा मासा होता. जांभळट काळा, शेपटीचं टोक पोपटी.

"हे माझं आहे," मावशी म्हणाली.

मला वाटलं, तिच्या पिशवीतून काही पडलं. मी उचलायला वाकले.

"हात लावू नको!"

मावशी ओरडली होती. तिला ओरडताना मी त्याआधी कधी ऐकलं नव्हतं. धक्क्यावरच्या दोघातिघांनी माना वळवल्या. मावशी स्वतःच खाली बसली, पण तिनंही त्या रबराला हात लावला नाही. नुसती बघत राहिली. असं पोपटी टोक दुकानात मिळत नाही. ते ती घरी, कपडे वाळत घालायच्या दांड्यांखाली बसून, एकेका रबराच्या माशाची शेपटी रंगात बुडवून करायची. म्हणजे शंकेला जागाच नव्हती.

"अंकल," तिनं विचारलं, "व्हेअर डिड दिस कम फ्रॉम?"

सेंग अंकलनं सुरीनं माशाकडे बोट दाखवल्यासारखं केलं. मग तो म्हणाला, "आंटी, यू सिट फर्स्ट."

ती बसलेलीच होती.

अरुणामावशी माझ्या आईची धाकटी बहीण, माहेर सांगलीजवळच्या कसबे डिग्रजचं. आमची घरं जैनांची. तिथे पाणी फडक्यानं गाळायचं, आणि फडक्यात जे राहील ते ज्या विहिरीचं पाणी त्याच विहिरीत अलगद सोडायचं, कारण तिथले जीव तिथंच जगतात. नळ आले, विहीर बुजली, तरी मावशीच्या हातून ते फडकं सुटलं नाही. सिंगापूरला आल्यावरही तिनं पासिर रिसच्या फ्लॅटमधल्या नळाला पहिल्याच सकाळी पांढरं फडकं बांधलं.

"इथलं पाणी आधीच इतकं गाळून येतं," प्रतापकाका म्हणाले होते, "की त्यातूनही एखादा जीव राहिला असेल तर त्याला नळावरून उतरवून घे आणि नाव विचार."

काका एका बँकेच्या आयटी विभागात, ऑफिस पाया लेबारला. मावशी सांगलीच्या कॉलेजात वनस्पतिशास्त्राची प्रात्यक्षिकं घ्यायची. प्राणिशास्त्र तिला जास्त आवडायचं, पण त्यात बेडूक कापावा लागे, म्हणून तिनं पानं आणि मुळं घेतली. इथे तिला तसं काम मिळालं नाही. सुरुवातीला तिनं अर्ज केले, मग थोडे कमी केले, मग चालायला लागली. ब्लॉकपासून कालव्याच्या कडेनं पार्कपर्यंत, पार्कातून समुद्रापर्यंत. समोर मलेशियातल्या जोहोरचा किनारा, मध्ये मत्स्यशेतीचे तराफे, आणि कालवा समुद्राला मिळतो त्या तोंडापाशी हा धक्का. माझं शिक्षण इथे सुरू झालं आणि मी त्यांच्याकडे राहायला आले, तोवर ती या धक्क्यावरची झाली होती.

सुरुवात कशी झाली ते तिनंच सांगितलं होतं. एकदा पावसात ती धक्क्याच्या छपराखाली थांबली होती. शेजारी एक म्हातारा, बसच्या डेपोतून निवृत्त झालेला मेकॅनिक. तोच सेंग अंकल. त्याला शौचालयात जायचं होतं. "होल्ड, आंटी," म्हणून त्यानं आपली गळाची काठी तिच्या हातात दिली आणि छत्री उघडून निघून गेला. ती काठी मेलेल्या सापासारखी लांब धरून उभी. आणि तेवढ्यात खालून खटका बसला.

"दाराची कडी कुणी बाहेरून वाजवावी ना, तसं," ती म्हणायची. "आणि तू आत एकटीच."

मासा सुटला. अंकल परत आला, तिनं काठी परत दिली, घरी येऊन आंघोळ केली. पण तो खटका मनगटात राहिला. पीठ मळताना राहिला, कपडे पिळताना राहिला. मासा नको होता तिला. मासा मरणं तर नकोच होतं. तिला फक्त ती कडी पुन्हा वाजायला हवी होती.

तिनं मार्ग शोधला. गांडूळ नाही, कोळंबी नाही, नकली आमिष. त्याला इथे सगळे ल्यूर म्हणतात. आणि गळ असा, की पकडीनं त्याचा बाक कापून टाकलेला. उरतो तो सरळ दांडा. त्याचं टोकही ती कानसेनं घासून गोल करायची, माशाच्या घशाला ओरखडा नको म्हणून. त्या दांड्यावर रबराचा मासा खोचायचा, वर शिशाचा मणी, आणि सोडायचं पाण्यात. जिताडा येतो, गपकन धरतो, ओढतो, रबर निसटतं, मासा मोकळा. दोरी परत आली की नुसता शिशाचा मणी आणि घासलेला दांडा. मावशी लहान मुलीसारखी हसायची.

"थुंकला असणार त्यानं," ती म्हणायची. "म्हणाला असेल, कसली ही बाई."

धक्क्यावर तिला 'नो-हुक आंटी' म्हणायचे. घरी काका म्हणायचे, "बटाटा चालत नाही, मासेमारी चालते, असं आमचं घर." ऋता, माझी मावसबहीण, शाळेतून येऊन दप्तर टाकता टाकता म्हणायची, "आई, यू सो वीअर्ड लाह. फिशिंगला जातेस आणि फिश नको." मावशी कुणावरही चिडायची नाही. तिला या बेटावर स्वतःची म्हणावी अशी एवढी एकच गोष्ट मिळाली होती, आणि ती तिनं धुऊन, गाळून, निर्दोष करून घेतली होती.

गळ नसल्यामुळे एक झालं. मासा किती मोठा, किती किलोचा, हे तिला कधी बघावंच लागलं नाही. बघायचं एवढंच की तो फसतो की नाही. त्यामुळे ल्यूर निवडण्यात तिच्याइतकं कुणी डोकं घातलं नसेल. मोठा पाऊस झाला की कालव्यातून चहासारखं पाणी समुद्रात येतं. ते गोडं, म्हणून हलकं. दुधावर साय धरावी तसं खाऱ्या पाण्यावर पसरतं. वरून बघणाऱ्याला सगळा समुद्रच गढूळ वाटतो. पण हातभर खाली खारं पाणी तसंच असतं, आणि त्या दोन पाण्यांच्या सांध्याखाली, धक्क्याच्या खांबाला पाठ लावून, जिताडा उभा असतो. कालव्यातून वाहत येणारी कोळंबी त्याच्या तोंडाशी आपोआप येते.

"चंदेरी ल्यूर उन्हातलं," मावशी मला शिकवायची. "गढुळात ते विरघळूनच जातं. ढग असतील तर काळं किंवा जांभळं. मासा खालून वर बघतो, त्याला रंग नाही दिसत, सावली दिसते. ढग फाटले तर पोपटी. शेपूट जाड घ्यायची, म्हणजे हलताना पाण्याला धक्के बसतात. दिसत नाही तेव्हा मासा अंगानं ऐकतो. आणि शिसं थोडं जड. साय फोडून खाली गेलं पाहिजे ना!"

हे ती मला सांगायची, कारण मी काठी धरत नव्हते. धक्क्यावर दुसऱ्या कुणाला मात्र तिनं कधीही सांगितलं नाही. लोक विचारायचे. सेंग अंकल तर दर पावसाला विचारायचा, "टुडे व्हॉट कलर, आंटी?" ती हसून मान हलवायची. पाठशाळेत शिकवलेलं तिला पक्कं ठाऊक होतं: पाप स्वतः केलेलं, दुसऱ्याकडून करवलेलं आणि दुसऱ्यानं केल्यावर बरं वाटलेलं, तिन्ही सारखीच. अंकलला रंग सांगितला, अंकलनं मासा मारला, तर तो मासा तिच्या खात्यात. म्हणून ती आपलं ल्यूरसुद्धा ओंजळीत झाकून बांधायची.

आणि आता ते ल्यूर तिच्या चपलेपाशी पडलं होतं.

मी पहिल्यांदाच त्या माशाकडे नीट बघितलं. डोकं भलंमोठं आणि मागे अंग चिंबलेलं, ओल्या पंच्यासारखं. जिताडा असा नसतो. जिताड्याची पाठ भरलेली असते.

"वॉज इट सिक?" मावशीनं विचारलं.

"नॉट सिक," सेंग अंकल म्हणाला. "फुल." त्यानं आपल्या पोटावर हात ठेवला. "स्टमक फुल. बट नो फूड."

त्यानं सुरी पुन्हा आत घातली आणि आणखी एक काढलं. हे पोपटी होतं, फुगून दुप्पट झालेलं. मग अजून एक, त्याचा रंगच गेला होता. एकाला एक चिकटून त्यांचा बोळा झाला होता. मावशी तोंड फिरवत नव्हती.

"नो हुक, सो स्लिप," अंकल हळू आवाजात, एखाद्या यंत्रातला बिघाड समजावून सांगावा तसं सांगू लागला. "माय वन गॉट हुक. फिश बाइट, रबर स्टिल ऑन द लाइन. युअर वन..." त्यानं गिळल्याची खूण केली. "सम फिश स्पिट. सम फिश डोन्ट स्पिट."

म्हणजे दांड्याचं टोक तिनं जितकं घासलं, तितकं रबर सहज निसटलं. घशाला ओरखडा नको म्हणून तिनं जी वाट गुळगुळीत केली, त्या वाटेनं ते पोटात गेलं आणि तिथंच राहिलं.

छपरावरून पाणी टपकत होतं. मग मावशी म्हणाली, "यू आर नॉट सरप्राइज्ड, अंकल."

ती प्रश्न विचारत नव्हती. मलाही तेव्हाच जाणवलं. पोटातून रबर निघालं तेव्हा सेंग अंकलनं ते कोळंबीचं साल बाजूला करावं तसं केलं होतं.

"यू न्यू?"

"लाँग टाइम," तो म्हणाला.

त्यानं हात फडक्याला पुसले आणि आपली निळी पेटी पुढे ओढली. वरचा कप्पा उचलला. खालच्या कप्प्यात मावशीचे रबराचे मासे रांगेनं ठेवले होते. काळे, जांभळे, पोपटी शेपटीचे, काही जरा फुगलेले, पण स्वच्छ धुतलेले. प्रत्येकात एक नवा, धारदार, बाकदार गळ घातलेला होता.

"यू डोन्ट टेल मी कलर," अंकल म्हणाला. त्याच्या आवाजात ओशाळलेपण नव्हतं. उलट आता सगळं उघड झालंच आहे तर कौतुकही करून टाकावं, असा सूर होता. "सो आय आस्क द फिश. बिग रेन, इनसाइड दिस वन. सन कम आउट, इनसाइड दिस वन. आंटी, युअर आय व्हेरी गुड. नेव्हर राँग."

मावशी त्या कप्प्याकडे बघत होती. तिनं ओंजळीत झाकून बांधलेलं प्रत्येक ल्यूर माशानं पोटात घालून त्याच्यापर्यंत पोचवलं होतं. तिनं त्याला कधी काही सांगितलं नव्हतं आणि त्याला सगळं माहीत होतं.

"व्हाय डिड यू नॉट टेल मी?"

सेंग अंकलनं पेटीचं झाकण लावलं, पुन्हा उघडलं.

"टेल यू फॉर व्हॉट?" तो शेवटी म्हणाला. "यू सो हॅपी, आंटी."

आम्ही घरी आलो. आमच्याकडे जेवण सूर्यास्ताच्या आत. काका लवकर आले होते, ताटं मांडली होती. मावशीनं सगळ्यांना वाढलं आणि स्वतः बसली नाही. काकांनी माझ्याकडे बघितलं. मी सांगितलं.

काका आधी हसायच्या बेतात होते, त्यांच्या चेहऱ्यावर मला ते दिसलं. मग त्यांनी भाकरीचा तुकडा ताटात ठेवला.

"अगं, मुद्दाम केलंस का तू? नाही ना?" ते म्हणाले. "आपल्यात भाव बघतात, मनातला हेतू. तुझा भाव चांगला होता."

"भाव माझा चांगला होता," मावशी म्हणाली. "पोट त्याचं भरलं."

"प्लास्टिक इज प्लास्टिक लाह, आई," ऋता म्हणाली. "टर्टल्सचं पण सेम होतं. व्हिडिओ दाखवू?"

"ऋता, जेव," काका म्हणाले. मग मावशीकडे वळून, अगदी हळू, "दोन दिवस उपास कर. बरं वाटेल तुला. सोडून दे मग."

"मी उपास केला तर त्यांच्या पोटातलं रबर कमी होणार आहे?"

काकांनी भाकरीचा तुकडा उचलला आणि तसाच हातात धरून बसले. मावशी स्वयंपाकघरात गेली. नळ वाहत होता. मी आत गेले तेव्हा ती फडक्यातून पडणाऱ्या पाण्याकडे बघत होती. खाली पातेलं ठेवायचं राहूनच गेलं होतं.

त्यानंतर डिसेंबर पूर्ण पावसात गेला. रोज दुपारी आकाश काळं व्हायचं, कालवा फुगायचा, आणि मावशी घरात असायची. तिनं रबराचे मासे, रंगाच्या बाटल्या, पकड, कानस, सगळं एका पिशवीत बांधून माळ्यासारख्या उंच कपाटात टाकलं. मला वाटलं, संपलं. वाईट वाटत होतं, पण हेच होणार हेही पटत होतं. घाव हळूहळू भरेल, ती पुन्हा चालायला जाईल, दुसरीकडे.

जानेवारीतल्या एका दुपारी धो धो पाऊस पडून थांबला. मावशी छत्री घेऊन दारात उभी होती.

"येतेस?"

हातात काठी नव्हती, ल्यूरची पिशवी नव्हती; खांद्याला नुसती झोळी होती. मी चपला घातल्या. कालव्याच्या कडेनं जाताना ती भरभर चालत होती आणि एकीकडे बोलत होती; कित्येक दिवस मनात घोळवलेलं बोलावं तसं.

"थुंकले ते थुंकले. पण ज्यांनी गिळलं ते अजून तिथंच आहेत, गं. त्यांना भूक लागत नाही. पोट भरलंय असंच वाटतं त्यांना. असे वाळत वाळत मरणार. मी घरात बसले म्हणून माझा हात थांबला. त्यांचं काय थांबलं?"

"मग काय करणार आहेस?"

"सेंग अंकलला रंग सांगणार."

मी थांबले. ती पुढे गेली, मग तीही थांबली.

"अंकलच्या हातून गेला तर एका घावात जाईल," ती म्हणाली. "आणि रबर बाहेर येईल. दुसऱ्याच्या तोंडी लागणार नाही."

"मावशी, आपल्यात हे चालत नाही." माझा आवाज मलाच परका वाटला. "दुखणाऱ्या जिवालासुद्धा मारायचं नाही."

"माहीत आहे मला. पाठशाळेत माझा पहिला नंबर असायचा."

ती चालायला लागली. मी तिच्यामागून गेले. ज्या बाईनं बेडूक कापावा लागेल म्हणून विषय बदलला, ती मासा मारायला सांगण्यासाठी एवढ्या घाईनं चालली होती.

सेंग अंकल नेहमीच्या खांबापाशी होता. मावशीला बघून त्यानं मान डोलावली. त्याच्या दोरीला चंदेरी ल्यूर होतं. मावशी कठड्याला टेकून पाण्याकडे बघत राहिली. चहाच्या रंगाचं पाणी खांबांना वळसे घालत होतं. ढग घट्ट होते, पण उबिन बेटाच्या बाजूला एक पिवळट फट पडली होती.

"अंकल, चेंज," ती म्हणाली. "सिल्व्हर नो गुड."

त्यानं चमकून तिच्याकडे बघितलं. मग माझ्याकडे.

"ब्लॅक. बिग टेल," मावशी म्हणाली. "आफ्टर, व्हेन सन कम्स, ग्रीन. नाऊ ब्लॅक. अँड हेवी लेड. गो डाउन, अंडर द ब्राउन वॉटर. स्लो. क्लोज टु द पिलर."

एवढी वाक्यं तिनं त्याला कधीच सांगितली नव्हती. सेंग अंकलनं निळी पेटी उघडली, खालच्या कप्प्यातलं काळं काढलं. गळासकट. दोरी बांधताना त्याचे हात जरा संथ चालत होते. त्यालाही हे नीटसं कळत नसावं.

"शुअर, आंटी?"

"शुअर."

पहिल्यांदा काही लागलं नाही. दुसऱ्यांदा त्यानं खांबाला घासून टाकलं, शिसं खाली जाऊ दिलं, आणि एवढ्या हळू ओढायला सुरुवात केली की दोरी हलतेय की नाही कळेना. मावशीचं मनगट कठड्यावर आपोआप वळत होतं. मग काठी वाकली. मावशी हसली नाही. तिनं कठडा घट्ट धरला.

मासा वर आला. मोठा होता. फळ्यांवर आपटत होता, त्याची पाठ रुंद होती, खवले ओल्या पितळेसारखे चमकत होते. मला काहीतरी दिसत होतं, पण ते शब्दांत यायच्या आत अंकलनं लाकडी दांडक्याचा एक घाव घातला. धडपड थांबली. मावशीचे ओठ हलत होते; णमोकार मंत्र म्हणत होती ती. मग तिनं छत्री बाजूला ठेवली आणि अंकलच्या समोर, फळीच्या अगदी जवळ, उकिडवी बसली.

"कापा," ती म्हणाली. आणि मग, "कट, अंकल."

"यू डोन्ट नीड टु लुक. आय लुक, आय टेल यू."

"नो. आय विल लुक."

त्यानं पोट चिरलं. या वेळी मातकट पाणी आलं नाही. आत पांढरी चरबी होती. पोटाची पिशवी त्यानं वेगळी काढली, फळीवर ठेवली, उभी कापली. आतून कोळंबी आली, अर्धी पचलेली, मिशा अजून शाबूत. दोन चिमुकले मासे. एक खेकड्याची नांगी. अंकलनं सुरीच्या टोकानं सगळं पसरलं, तिला दिसावं म्हणून.

"लुक अगेन," मावशी म्हणाली.

त्यानं पिशवी उलटी केली. आतलं गुलाबी अस्तर चकचकीत, रिकामं.

"नो रबर," सेंग अंकल म्हणाला. त्याचा चेहरा उजळला होता. चांगली बातमी दिल्यासारखा. "गुड फिश, आंटी! व्हेरी हेल्दी. व्हेरी फॅट."

मावशीनं एक हात फळीच्या कडेवर ठेवला. बोटांना रक्त लागलं, ते तिच्या लक्षात आलं नसावं. तिच्या चेहऱ्यावर मी रडू शोधत होते, पण तिथे रडू नव्हतं. चालता चालता पायरी नसलेल्या ठिकाणी पाऊल पडावं, तसं काहीतरी होतं.

"मग हा कशाला मेला?" ती म्हणाली.

मराठीत म्हणाली. अंकलनं माझ्याकडे बघितलं. "व्हॉट शी से?"

मी सांगितलं. ती विचारतेय, मग हा मासा कशासाठी मेला.

सेंग अंकलनं प्रश्नाचा खरंच विचार केला. माशाकडे बघितलं, मावशीकडे बघितलं. त्याला प्रश्न अवघड वाटला नव्हता. एवढा सोपा प्रश्न कुणी का विचारावा, एवढंच त्याला कळत नव्हतं.

"टु ईट, लाह," तो म्हणाला. "माय वाइफ स्टीम विथ जिंजर."

उबिनच्या बाजूची फट मोठी होऊन पाण्यावर ऊन आलं. धक्क्यावर आणखी दोघंजण येऊन काठ्या जोडायला लागले. एकानं हात वर करून विचारलं, "हे, नो-हुक आंटी! टुडे व्हॉट कलर?"

मावशीनं मान हलवली. नेहमीसारखी हसून नाही.

"आय डोन्ट नो," ती म्हणाली. तिला माहीत होतं. तिची नजर पाण्यावरच्या उन्हाकडे जाऊन परत आली, ते मी बघितलं होतं.

मग ती सेंग अंकलकडे वळली. "अंकल, आय विल नॉट कम अगेन."

"आय नो," तो म्हणाला. त्यानं मासा वर्तमानपत्रात गुंडाळला आणि पेटीकडे हात नेला. मग हात रक्तानं माखलेत हे बघून तो तसाच अधांतरी थांबला. नळ पार पार्कच्या टोकाला होता.

मावशीनं खांद्यावरच्या झोळीतून पाण्याची बाटली काढली. झाकण उघडलं आणि त्याला खुणेनं हात पुढे करायला सांगितलं. त्यानं केले. ती वाकून त्याच्या हातांवर पाणी धरून उभी राहिली. तो बोटांच्या बेचक्या चोळत होता, पाणी फळ्यांच्या फटींतून खाली जात होतं. त्याचे हात स्वच्छ झाले तरी ती थांबली नाही. बाटली रिकामी होईपर्यंत तिनं ती तशीच तिरकी धरली, आणि शेवटच्या धारेखाली आपलाही हात घातला.